धुक्यातल्या तारखा

झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, पण त्याचं सगळं गणित त्याआधीच वडशाच्या कार्यालयांत बसून ठरतं. गावोगावची मंडळी येतात, कोणतं नाटक, कोणते कलाकार, डान्सर कोण हे विचारतात, पैसे हातावर ठेवतात आणि तारीख लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने गोल होतो. आज सावली तालुका, उद्या कोरची, परवा सिंदेवाही. या गोलांच्या मधे किती किलोमीटर रस्ता आहे, तिथे पहाटे धुकं असतं का, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. मी या रंगभूमीवर ऑर्गन वाजवतो. मला जे सांगायचं आहे ते या कॅलेंडरपासूनच सुरू होतं.

बाहेरच्या वाचकाला आमचा हंगाम थोडा समजावून सांगायला हवा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी, धानाचा पट्टा. धान घरात आलं की गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक. ते रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. थंडीत चादरी पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन हजारो माणसं बसतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाला ती आपल्या घरात आल्यासारखी वाटली. मी हे काम अभिमानाने करतो. म्हणूनच त्याच्या पोटात जो धोका आहे त्याबद्दल बोलतो.

नाटक संपतं चार-साडेचारला. पडदा, लाइट, साउंड यांचा ट्रक वेगळा असतो. आम्ही कलाकार तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसतो, गावकऱ्यांनी दिलेला चहा घेतो आणि गाडीत बसतो. दहा मिनिटांत सगळे झोपतात. जागा असतो एकटा ड्रायव्हर, आणि तोही रात्रभर धड झोपलेला नसतो. त्याने दुपारी आणलं, संध्याकाळी सामान उतरवायला हात लावला, रात्री गाडीत पाय दुमडून पडला. बाजूला स्पीकर दणाणत असताना कोणाला झोप लागते?

आणि नेमकी तीच वेळ धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या काठाने, कापणी झालेल्या बांध्यांमधून म्हणजे धानाच्या शेतांतून, बोड्यांवरून म्हणजे लहान तळ्यांवरून धुकं उठतं आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत हलत नाही. ते सगळीकडे सारखं असतं तर माणूस सावध तरी राहिला असता. सागाच्या जंगलातून, जरा उंचावरून रस्ता जातो तिथे आकाश स्वच्छ, चांदण्याही दिसतात. तिथे ड्रायव्हर गाडी दाबतो. पुढे रस्ता नाल्याकडे उतरतो. थंड हवा खोलगटात साचलेली असते, जमीन ओली असते, आणि गाडी त्याच वेगाने पांढऱ्या भिंतीत शिरते.

शिवाय रस्ता कोरडा नसतो. धुक्याने डांबर घामेजतं, ट्रॅक्टरच्या चाकांनी बांधीतला चिखल वर आणलेला असतो, आणि धान, तणस वाहून नेताना सांडलेली तणस जागोजागी पसरलेली असते. ओल्या तणशीवर ब्रेक मारला तर चाक थांबतं, गाडी थांबत नाही.

त्या पहाटे आम्ही सावली तालुक्यातला प्रयोग करून वडशाला परतत होतो. व्याहाडवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोली, तिथून आरमोरी, मग वडसा. जानेवारी 2025. दुसऱ्या रात्रीची तारीख कोरची तालुक्यातली होती, म्हणजे वडशाला पोहोचून, दोन घास खाऊन, दुपारी पुन्हा निघायचं होतं. आमचा नेहमीचा ड्रायव्हर तापाने घरी होता आणि बदलीवर एक तरुण पोरगा आला होता. हात चांगला होता त्याचा. नम्र होता, दारू-बिरूचं नाव नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण अपघात म्हटला की लोक आधी तेच विचारतात.

गडचिरोलीत चहाला थांबलो तेव्हा त्याला फोन आला. कुठपर्यंत आले, किती वाजतील, कोरचीची गाडी किती वाजता काढतोस. तो फक्त "हो, हो" म्हणत होता. फोन ठेवल्यावर त्याने अर्धा चहा सांडला आणि गाडी सुरू केली.

मी पुढे, मधल्या जागेवर होतो. माझ्या डावीकडे खिडकीशी आमचा तबलजी. मागे मावशी, आमच्या मंडळातली सगळ्यात जुनी नटी, आणि बाकीचे सात जण. आरमोरी सोडल्यावर धुकं दाट झालं. काच आतूनही धुरकटली होती, इतक्या माणसांचे श्वास बंद गाडीत. पोरगा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने मफलरच्या टोकाने काच पुसत होता. पुसली की वीतभर गोल साफ व्हायचा आणि तो भरून यायच्या आत पुन्हा पुसायचा. त्याने अप्पर लावला होता. धुक्यात अप्पर लावला की उजेड समोर जातच नाही, पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. मी त्याला डिप्पर करायला सांगितलं. त्याने केला. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी तेव्हा कुठे दिसायला लागली.

मागून मावशी म्हणाली, "बाबू, काहीच दिसून नाही राहिलं. हळू घे ना गा."

"मावशी, रोजचा रस्ता आहे. झोपा तुम्ही. मी आहो ना."

त्याने वेग कमी केला, खरंच केला. पण थोड्या वेळाने काटा पुन्हा साठच्या वर गेला, आणि मला खात्री आहे की ते त्याला कळलंही नाही. वेग आपल्याला कशाने कळतो? कडेची झाडं, खांब, घरं मागे पळतात त्याने. धुक्यात तेच पुसलं जातं. सगळीकडे सारखा पांढरेपणा असला की साठनेही गाडी रांगते आहे असं वाटतं आणि पाय आपोआप खाली जातो. मावशीने दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी जरा कडक आवाजात. गाडीतलं कोणीतरी झोपेत हसलं आणि वाघाचा विषय काढला. त्या पट्ट्यात वाघाने माणसं मारलेली आहेत, 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही फिरतात. त्यामुळे जंगलातून जाताना सगळ्यांना वाघ आठवतो, हत्ती आठवतो. गाडीचा काटा कोणी बघत नाही.

आधी दिसली ती फांदी. पळसाची, पानांसकट, रस्त्यावर आडवी टाकलेली. आमच्याकडे गाडी बंद पडली की मागे फांदी नाहीतर दगड ठेवतात, तेवढाच इशारा. उघड्या रस्त्यावर ती लांबून दिसते. आम्हाला ती दिसली तेव्हा पुढच्या चाकाखालीच होती. तिच्या मागे लगेच ट्रॉली. धानाची पोती भरलेली, एक चाक काढलेलं, खाली जॅक. मागे लाइट नव्हता. रिफ्लेक्टर असेलही, पण त्यावर चिखल होता.

पोराने ब्रेक मारला आणि गाडी तशीच पुढे सरकत राहिली. त्याने उजवीकडे ओढलं. ट्रॉलीचा कोपरा आमच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागेपर्यंत फाडत गेला आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधीत उतरली. बांधीला धुरा म्हणजे मातीचा बांध होता, त्यावर आदळून थांबली. आवाज संपल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं ते धान. फाटलेल्या पोत्यातून ट्रॉलीवरून रस्त्यावर गळत होतं. ट्रॅक्टरवाला समोरच्या बाजूला चाकाचे नट घेऊन बसला होता, म्हणून वाचला.

मेलं कोणी नाही. मावशीच्या कपाळाला टाके पडले. पोराच्या बरगड्या मोडल्या, त्या अवस्थेत तोच आम्हाला एकेकाला बाहेर ओढत होता. तबलजीचा उजवा हात दार आणि सीटच्या मधे सापडला होता. मनगट ज्या कोनात वळलं होतं त्या कोनात मनगट वळत नाही. तो ओरडला नाही. हात मांडीवर ठेवून तो बोटं हलवून बघत होता. पहिलं बोट हलत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मला काही बोलता आलं नाही.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात त्याच्या मनगटात प्लेट घातली. पुढच्या हंगामात तो परत आला. ठेका धरतो, सम चुकवत नाही, लावणीला लोक अजून शिट्ट्या मारतात. पण तिरकिट वाजत नाही. पहिलं बोट वेळेवर पडत नाही, एवढंच. गावात कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या येतं, कारण त्या जागी मला ऑर्गनवर दोन सूर जास्त भरावे लागतात.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी वेग विचारला. पोरगा म्हणाला, साठ-सत्तर. खोटं नव्हतं ते. आणि तो अगदी मनापासून म्हणाला, "साहेब, बोर्डाच्या आतच होतो." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बोर्डावरचा आकडा मोकळ्या, कोरड्या, उजेडाच्या रस्त्याचा असतो. धुकं पडलं म्हणून बोर्ड बदलत नाही. मी नंतर कागदावर मांडून बघितलं. ताशी 70 म्हणजे सेकंदाला 19 मीटरहून जास्त. त्या पहाटे दिसत होतं फार तर 20 मीटर. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो, संथ चालीतली एक मात्रा. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच दिसणारा सगळा रस्ता संपलेला. ताशी 30 असती तर त्या एका मात्रेत 8 मीटर गेले असते आणि ओल्या डांबरावर थांबायला साधारण आणखी तेवढेच. फांदीशी नसलो तरी ट्रॉलीच्या अलीकडे थांबलो असतो. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग, हा हिशेब ड्रायव्हिंगच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

आमच्या रस्त्यांवर गाड्यांचं प्रमाण आता पूर्वीचं राहिलेलं नाही. खनिजाचे, कोळशाचे, लाकडाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. 19 मे 2022 च्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक समोरासमोर धडकले, आग लागली आणि 9 माणसं जळून गेली. आमच्या अपघातानंतर काही महिन्यांनी, 7 ऑगस्ट 2025 ला, काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडलं. चौघं गेली. काटली गडचिरोली-आरमोरी रस्त्यावरच आहे. आम्ही त्या पहाटे त्याच गावावरून गेलो होतो. या जिल्ह्यांत मुलं पोलीस भरतीसाठी अंधारात रस्त्यावर धावतात, कारण धावायला दुसरी सपाट जागा नसते. बाया मार्चमध्ये मोह वेचायला उजाडायच्या आत निघतात. बैलबंडीला लाइट नसतो. पहाटेचा रस्ता मोकळा असतो हा समज गाडीत बसलेल्यांचा आहे.

त्या पोराला मी दोष देत नाही असं नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि मावशीने दोनदा सांगितलं होतं. पण तो वेग त्याचा एकट्याचा नव्हता. सावली आणि कोरची या दोन तारखा लागोपाठ ज्यांनी घेतल्या त्यांचा होता, उशीर झाला तर मंडपात दगड येतील या भीतीचा होता, त्या फोनचा होता. ट्रकवाल्यांचंही तेच. खेपेवर पैसे मिळत असतील तर धुक्यात थांबणारा ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून थांबतो. त्याला नुसतं "हळू चालवा" म्हणून काय होणार?

म्हणून दवाखान्यातून परत आल्यावर मावशीने मंडळाच्या मालकाला सांगितलं की धुकं असेल तर उजाडल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, मग तारीख बुडो. मी आणि तबलजी तिच्या बाजूने उभे राहिलो. मालक चिडले. त्यांचंही खरं आहे, बुडालेली तारीख पुढच्या वर्षी त्या गावात परत लागत नाही. बरीच बोलाचाली झाली. शेवटी दोन गोष्टी मान्य झाल्या. लांबच्या दोन तारखा लागोपाठ घ्यायच्या नाहीत, आणि प्रयोग संपल्यावर कलाकारांना आडवं व्हायला समाजमंदिर नाहीतर शाळेची एक खोली द्यायची, हे तारीख लावतानाच गावाकडून कबूल करून घ्यायचं. ड्रायव्हरला संध्याकाळीच वेगळी खाट, स्पीकरपासून लांब.

गावांनी हे आमच्या अपेक्षेपेक्षा सहज घेतलं. मूलकडच्या एका गावात तर बायांनी सकाळी पोहे करून वाढले आणि मावशीला साडेआठपर्यंत उठू दिलं नाही. अडचण मंडळांतच आहे. आम्ही सोडलेली तारीख दुसरं मंडळ घेतं आणि त्यांची गाडी त्याच धुक्यातून जाते. सगळ्या मंडळांनी मिळून हे ठरवावं म्हणून मी कार्यालयाकार्यालयांत फिरतो आहे. काहींनी होकार दिला, काही म्हणतात हंगाम संपल्यावर बघू. या वर्षीच्या तारखा लागायच्या आत मला त्यांचा होकार हवा आहे.