शेवटच्या मनोऱ्यापर्यंत

प्रिय सीबीओएन,



तू उत्तर ऑन्टॅरिओची फ्रेंच सार्वजनिक रेडिओ वाहिनी; तुझ्या सडबरीच्या कार्यालयात मराठीतून पत्र यायचं काही कारण नाही. तरीही लिहिते आहे, कारण मी तुझी रोजची श्रोता आहे. घरात मराठी, कामावर इंग्रजी आणि कानावर तुझी फ्रेंच, असा माझा दिवस असतो. सकाळी तुझा ‘ले मातँ द्यू नॉर’ हा कार्यक्रम लागल्याशिवाय आमच्याकडे चहा होत नाही. शेजारच्या आजी किराणा दुकानात ज्या लकबीने बोलतात, ती मला आधी तुझ्याकडून ऐकून ओळखीची झाली.

सार्वजनिक प्रसारणावरचा खर्च कमी करा, अशी ओरड कॅनडात अधूनमधून होते. तिच्या मागोमाग हमखास एक प्रश्न येतो : रेडिओ आता फोनवर ऐकता येतो, मग जंगलात प्रक्षेपणाचे मनोरे कशाला सांभाळायचे? त्याचं उत्तर तुझ्या इतिहासातच आहे, त्याची तुला आठवण करून द्यावीशी वाटली.

1883 मध्ये रेल्वे सडबरीला पोचली, तांबं आणि निकेल सापडलं आणि क्वेबेकमधून माणसं येऊ लागली. कुणी खाणीत उतरलं, कुणी लाकूडतोडीला गेलं, कुणी उत्तरेकडे कापुस्केसिंग आणि हर्स्टच्या बाजूला जंगल साफ करून शेती मांडली. ही माणसं फ्रेंच घेऊन आली, पण ती टिकवणं सोपं नव्हतं. 1912 मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने ‘नियम 17’ काढला आणि पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवण्यावर बंधन आणलं. आयांनी, शिक्षिकांनी, पाद्र्यांनी पंधरा वर्षं लढा दिला, तेव्हा 1927 मध्ये तो ढिला पडला. त्यांच्या नातवंडांनी 25 सप्टेंबर 1975 रोजी सडबरी विद्यापीठाच्या आवारात फ्रेंच-ऑन्टॅरिओचा हिरवा-पांढरा झेंडा पहिल्यांदा फडकवला. आज या प्रांतात सहा लाखांहून अधिक फ्रेंच भाषक आहेत. क्वेबेकबाहेर इतके दुसऱ्या कुठल्याही प्रांतात नाहीत.

तू त्याच काळातली. 1974 मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की पाचशे किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावांपर्यंत सार्वजनिक रेडिओ-टीव्ही दोन्ही भाषांत न्यायचा. 1978 मध्ये तू सुरू झालीस. पाचशे माणसांच्या गावासाठी मनोरा उभारणं कुठल्याही जाहिरातदाराला परवडलं नसतं. देशाने तो खर्च उचलला, कारण आपल्या भाषेतली बातमी मिळणं हा नागरिकाचा हक्क मानला. गाव किती मोठं, यावर हा हक्क कमी-जास्त होत नाही, हे त्या निर्णयामागचं तत्त्व मला फार मोठं वाटतं.

तुझ्या मनोऱ्यांची किंमत मला 144 नंबरच्या रस्त्यावर कळते. कामानिमित्त मला सडबरीहून टिमिन्सला जावं लागतं. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. त्यामुळे शहर मागे पडलं की तुझा आवाज आधी किरकिरतो. दोन्ही बाजूंना सुरुंगाने फोडलेला खडक असला की निवेदिकेच्या वाक्यातले शब्द गळायला लागतात, चढावर परत येतात आणि पुढच्या उतारावर नुसती खरखर उरते. मग लांबच लांब स्प्रूसचं रान. पेट्रोल नाही, घर नाही, बऱ्याच पट्ट्यांत फोनला रेंजही नाही. गोगामाच्या फाट्याच्या आसपास पाणलोटाची रेषा ओलांडली जाते. तिच्या अलीकडचं पाणी महासरोवरांना जातं, पलीकडचं जेम्सच्या उपसागराला. टिमिन्स जवळ आल्यावर डायल फिरवते, आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तीच निवेदिका बोलत असते. पालखीला खांदा बदलावा तसा एका मनोऱ्याकडून दुसऱ्याने आवाज उचललेला असतो. बर्फाच्या वादळात 11 नंबरचा रस्ता कुठून कुठपर्यंत बंद आहे, हे ती गावांची नावं घेत सांगते. ट्रक घेऊन निघालेल्या माणसाला ती यादी ऐकून ठरवायचं असतं, पुढे जायचं की इथेच रात्र काढायची.

फोनवर सगळं मिळतं म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा जानेवारीत करावा.

31 जुलै 2012 रोजी तुझ्याच सार्वजनिक प्रसारण संस्थेने टीव्हीचे सहाशेहून अधिक जुने अॅनालॉग प्रक्षेपक देशभर एका दिवशी बंद केले. कारण पैशाचं होतं. घरावरच्या साध्या अँटेनावर टीव्ही पाहणाऱ्या अनेक गावांत त्या दिवसापासून केबल किंवा डिश विकत घेतल्याशिवाय तो दिसेना. रेडिओचे मनोरे तेव्हा वाचले. ते पुढेही वाचले पाहिजेत, ही माझी पहिली मागणी. कुठल्या मनोऱ्यामागे किती श्रोते, असा हिशेब सुरू झाला की सर्वांत आधी तेच गाव कापलं जाणार, ज्याच्याकडे दुसरं काही नाही.

दुसरी मागणी याहून अवघड आहे. सहक्षेपण मनोरा फक्त देतो. सडबरीत जे बोललं जाईल ते तो हर्स्टला पोचवतो, पण हर्स्टचं बोलणं आपणहून सडबरीला आणत नाही. ते काम वार्ताहराचं, म्हणून छोट्या गावांत वार्ताहर हवेत. उत्तरेतली फ्रेंच आज कशी बदलते आहे, हे त्यांनीच सांगायचं. 12 एप्रिल 2021 रोजी सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत 69 अभ्यासक्रम बंद केले. त्यांतले 28 फ्रेंचमधले होते. जी भाषा आजोबांनी शाळेसाठी लढून मिळवली, तिचे वर्ग नातवंडांच्या डोळ्यांदेखत संपले. पुढच्याच वर्षी हर्स्टचं विद्यापीठ लॉरेन्शियनपासून वेगळं होऊन स्वतंत्र झालं. आज तिथे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेली मुलं मोठ्या संख्येने फ्रेंचमधून शिकतात. लाकूडतोड्यांच्या गावात आबिजान आणि याऊंदेची फ्रेंच बोलली जाते आहे. उत्तर ऑन्टॅरिओच्या फ्रेंचचं भविष्य या मुलांच्या हातात आहे. ती मुलाखतीपुरती पाहुणी म्हणून नकोत, तुझ्या माइकमागे बसलेली हवीत.

हे मी परकी असून सांगते आहे का? नाही. इथे आल्यावर मीही अल्पसंख्य भाषेची माणूस झाले. माझ्या मराठीला इथे ना शाळा, ना मनोरा. आपली भाषा रेडिओवर, सार्वजनिक पैशातून, रोज ठरल्या वेळी ऐकू येणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला म्हणूनच पटकन उमगतं. ज्यांना ती मिळाली आहे त्यांच्याकडून ती काढून घेतली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी तुझं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा मनोऱ्यांची देखभाल आणि छोट्या गावांतले वार्ताहर, या दोन रकमांना हात लावू देऊ नकोस. सांग की पाचशे माणसांना दिलेला शब्द अजून पाळायचा आहे. त्यासाठी श्रोत्यांची पत्रं लागली, तर हे त्यातलं एक समज.

कळावे,
तुझी एक मराठी श्रोता
सडबरी, ऑन्टॅरिओ