जागा शिल्लक नाही

हॉस्टेलमध्ये लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. पासवर्ड टाकावा, एंटर मारावं, स्क्रीन क्षणभर काळी व्हावी आणि... पुन्हा तोच लॉगिनचा चौकोन! पासवर्ड चुकला असता तर मशीनने तसं सांगितलं असतं. इथे ते काहीच बोलत नाही. तुम्हाला आत घेतं आणि पुन्हा ओटीवर आणून उभं करतं. मग आपला ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. कुणीतरी सिनियर पेनड्राइव्ह घेऊन येतो, अर्ध्या तासात नवं लिनक्स. जुन्या फाइल्स? गेल्या!

गेल्या मे महिन्यात आमच्या पालीच्या घरी नेमकं हेच झालं, आणि तिथे फॉरमॅट हा शब्द काढायचीही सोय नव्हती. पाली म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरचं, रत्नागिरीजवळचं आमचं गाव. बाबा आंब्याच्या पेट्या पाठवतात. कुणाला किती पेट्या, कुणाचा ॲडव्हान्स आला, कुणाचा पत्ता बदलला, हे सगळं त्या वर्षी वहीत नव्हतं, जुन्या लॅपटॉपमध्ये होतं. बाबा तो कधी बंद करत नसत, नुसतं झाकण लावत. वळवाच्या पावसात दोन दिवस लाईट गेली, बॅटरी संपली. लाईट आल्यावर लॅपटॉप सुरू झाला खरा, पण लॉगिन काही होईना. आणि पंचवीस-तीस पेट्या अजून जायच्या होत्या.

इथे एक गोष्ट समजून घेऊया. लॉगिनचा चौकोन दिसतो म्हणजे लिनक्स जिवंत आहे. मेलेला असतो तो फक्त डेस्कटॉप. लिनक्सचा गाभा १९९१ चा, तर त्यावर खिडक्या काढणारी एक्स विंडो ही व्यवस्था त्याहून जुनी, एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली. दोन्ही वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्यामुळे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं की खिडक्यांशिवायचा काळा पडदा येतो आणि तिथे नाव-पासवर्ड देऊन आत जाता येतं. मी गेले. म्हणजे पासवर्ड बरोबर होता.

आधी फाइल वाचवायची, दुरुस्ती नंतर. पण फाइल्सची यादी काढली तर नावांच्या जागी नुसते चौकोन! बाबांनी फाइलींना मराठीत नावं दिली होती आणि या काळ्या पडद्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात. आपली जोडाक्षरं तिथे बसत नाहीत. मराठी टाइपही करता येत नाही. शेवटी तारीख आणि आकार बघून फाइल ओळखली. नावाऐवजी चांदणीचं चिन्ह देऊन सगळ्याच स्प्रेडशीट पेनड्राइव्हवर उचलल्या. आईने तेव्हा कुठे चहा ठेवला.

मग 'डीएफ' ही कमांड दिली. डिस्क १०० टक्के भरलेली. लॉगच्या शेवटी एक ओळ होती. बाबा मागे उभे.

"काय लिहिलंय गो त्यात?"

"नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस."

"म्हणजे?"

सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झालेली. ते वाक्य मला वाचताक्षणी कळलं होतं, पण बाबांना सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच सापडेनात. थोडं थांबून म्हटलं, "माळा भरलाय बाबा. साधी चिठ्ठी ठेवायलाही जागा नाही."

"मग उतरव की सामान!"

निदान अगदी बरोबर होतं. लॉगिन करताना मशीन आपल्या होम फोल्डरमध्ये 'एक्सऑथॉरिटी' नावाची छोटी फाइल लिहितं, गेटपाससारखी. ती लिहिता आली नाही तर डेस्कटॉप सुरूच होत नाही. मग लॉगिनचा चौकोन तरी कसा दिसला? लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवते, एसटीतल्या राखीव सीटसारखी. म्हणून यंत्रणा चालू राहते आणि आपण प्रवासी मात्र दारात.

आता सामान कुणाचं? 'डीयू' कमांडने शोधत गेले तर चोर सापडला लॉगच्या फोल्डरमध्ये. एक पीसीआय कार्ड सारखी तक्रार नोंदवत होतं, आणि तक्रार काय तर 'चूक झाली, दुरुस्त केली'. पुन्हा 'चूक झाली, दुरुस्त केली'. महिनाभर, लाखो वेळा! काम बिघडलंच नव्हतं, पण त्याच्या अहवालांनीच घर भरलं.

अशी फाइल नुसती डिलीट करून भागत नाही. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. म्हणून 'ट्रंकेट' कमांडने तिचा आकार शून्य केला. पुन्हा लॉगिन केलं आणि डेस्कटॉप आला! चौकोनांच्या जागी बाबांची मराठी नावं आली. नंतर कर्नलला ती तक्रार छापू नकोस असं सांगणारा पर्याय लावला. तो इलाज नाही, नुसतं गप्प बसवणं आहे, हेही बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी वहीपण ठेवू." पेट्या वेळेवर गेल्या.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, डेस्कटॉप दारातूनच परत पाठवत असेल तर हा क्रम ठेवा. काळ्या पडद्यावर जा. फाइल्स उचला. जागा बघा. जागा असेल तर होम फोल्डरमधल्या फाइली आपल्याच नावावर आहेत ना, ते बघा. मग नवा युजर करून बघा. तो आत गेला तर दोष तुमच्या होममध्ये, नाही गेला तर यंत्रणेत, बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

आणि स्क्रीनवर जे वाचाल ते एकदा घरच्या कुणाला तरी मराठीत सांगून बघा. समोरून "मग उतरव की सामान" असं उत्तर आलं तर समजा, आपल्यालाही ते कळलंय.