बिनहंगामाचे आठ दिवस

जानेवारी उजाडला की आमच्या बार्शीच्या बाजारात तुरीची आवक वाढू लागते आणि तिच्या मागोमाग हरभरा येतो. त्या तीन-चार महिन्यांत माझे यजमान सकाळी लिलावाला बाहेर पडतात, सूर्यास्तापूर्वीचा डबाही दुकानातच उघडतात आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून झाल्यावर घरी येतात. त्यांना सवड मिळते ती पावसाळ्यात. पण तो चातुर्मासाचा काळ. त्या चार महिन्यांत आमच्या घरी लांबचा प्रवास कोणी करीत नाही. उरतो मे महिना, आणि मे महिन्यात सगळे जगच घराबाहेर पडलेले असते. लग्नाला एकतीस वर्षे झाली. एवढ्या काळात आम्ही दोघे मिळून सम्मेदशिखरजीला गेलो, पालिताण्याला दोनदा गेलो आणि भाच्याच्या लग्नासाठी एकदा दुबईला. तेव्हा मला परदेशातले एखादे शहर माझ्या मनाप्रमाणे पाहायचे असेल, तर ते एकटीनेच पाहावे लागणार, हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी उमगले होते. मान्य करायला मात्र गेली दिवाळी उजाडावी लागली.

शहरे दोन ठरविली, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. लोक विचारतात, पॅरिस का नाही, स्वित्झर्लंड का नाही? याचे उत्तर माझ्या महाविद्यालयाच्या दिवसांत आहे. मी बी.ए.ला अर्धमागधी घेतली होती. आमचे प्राध्यापक शिकविताना वारंवार गेओर्ग ब्यूलर यांचे नाव घेत. हे जर्मन पंडित १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. पुढे त्यांनी गुजरात-राजस्थानातील ग्रंथभांडारे पालथी घातली. जैसलमेरच्या भांडारात ते गेले तेव्हा तरुण हर्मान याकोबी त्यांच्यासोबत होते. प्रकृतीमुळे भारत सोडल्यावर ब्यूलर व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८८७ मध्ये तेथील विज्ञान अकादमीत त्यांनी जैन परंपरेवर व्याख्यान दिले. ही परंपरा दुसऱ्या कोणाची शाखा नसून स्वतंत्र आणि प्राचीन आहे, हे युरोपला पटविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अकादमीची ती वास्तू जुन्या व्हिएन्नातल्या एका लहानशा चौकात आजही उभी आहे. तिच्यासमोर दहा मिनिटे उभे राहावे, एवढीच माझी इच्छा. आत काय पाहायला मिळेल, याचा विचारही मी केलेला नाही.

बुडापेस्टचे कारण इतके भारदस्त नाही. व्हिएन्नाहून रेल्वेने तेथे जायला पावणेतीन तासही लागत नाहीत. दोन्ही गावे एकाच डॅन्यूब नदीच्या काठी वसली आहेत. शिवाय त्या गावी फेरेन्त्स होप नावाचा चष्मे-दुर्बिणींचा एक व्यापारी होऊन गेला. त्याने पाच वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९१९ मध्ये जाताना आपला बंगला व जमविलेल्या हजारो आशियाई वस्तू सरकारला देऊन टाकल्या. दुकान सांभाळून पाच प्रदक्षिणा! हे मी यजमानांना मुद्दाम दोनदा वाचून दाखविले.

काळ कोणता निवडायचा, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणी शिकवावे लागत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्या वेळी तो घ्यावा. तीन महिने मी एका वहीत विमानाचे आणि मुक्कामाचे भाव उतरवीत गेले. जून-जुलैच्या मानाने जानेवारी-फेब्रुवारीचे भाव बरेच खाली होते, काही ठिकाणी तर निम्म्यावर. चिरंजीव म्हणाला, "आई, डिसेंबरात जा. नाताळचे बाजार बघशील." मी चौकशी केली. नाताळच्या बाजारांमुळे डिसेंबर हा तेथला ऐन हंगाम. भाव चढलेले, गर्दी दाटलेली. आणि त्याच दिवशी, नकाशे पाहता पाहता, मला दुसरी एक गोष्ट दिसली आणि मी वही मिटून ठेवली.

डिसेंबरच्या मध्यावर व्हिएन्नात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. बुडापेस्ट पूर्वेला असल्याने तेथे चारलाही पाच-सात मिनिटे कमी.

माझा चौविहार सत्तावीस वर्षांचा आहे. बार्शीला डिसेंबरातही सूर्यास्त सहाच्या आगेमागे असतो, त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याची वेळ फारशी आली नाही. तिकडे नवकारसी साडेआठला आणि चारच्या आत दिवसाचे शेवटचे पाणी. मधल्या साडेसात तासांत शहर पाहायचे की चूल शोधायची? उन्हाळ्यात जावे तर जूनमध्ये सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. तेव्हा नियम अगदी सुखाचा, पण भाव दुप्पट आणि गर्दी अफाट. म्हणजे स्वस्ताई आणि उजेड एकाच पारड्यात बसत नव्हते. एका मैत्रिणीने सुचविले, आठ दिवसांपुरती सूट घे, परत येऊन प्रायश्चित्त घे. अनेक जण घेतात आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण थंडीची किंवा परक्या मुलखाची धास्ती हे नव्हते. माझ्या नियमाला सत्तावीस वर्षे घराचा आधार होता. पाच वाजता सासूबाई पाटावर बसत, पोळ्या तव्यावर असत, सगळे घर एकदम जेवून उठे. मी नियम पाळला, की घराने पाळला आणि मी त्यात सामील होते? एकटीने राहिल्याशिवाय हे कळणार नव्हते. आणि सूट घेऊन गेले असते, तर कधीच कळले नसते.

आपल्या समाजातून आचारी बरोबर घेऊन युरोपच्या सहली निघतात. सोय उत्तम असते आणि वयस्कर मंडळींना तीच योग्य. पण त्या मे-जूनमध्ये निघतात, आठ दिवसांत पाच देश दाखवितात आणि अकादमीपुढच्या चौकात दहा मिनिटे थांबत नाहीत.

मग मी हिशेबाला बसले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य व्हिएन्नात सात वाजण्यापूर्वी उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. भाव अजून खालीच असतात. ऑपेरा बॉलचा आठवडा तेवढा टाळायचा, कारण त्या सुमारास मुक्कामाचे भाव चढतात. म्हणजे पावणेआठ ते पाच असा दिवस हाताशी येतो. त्यातून जेवणाची दोन टिपणे काढली. सकाळी खोलीवर पोटभर खाऊन निघायचे आणि साडेतीनला परत येऊन दुसरे जेवण करायचे. मुक्कामाला चूल असलेली खोली घ्यायची आणि ती मध्यवस्तीतच घ्यायची, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. लांबची खोली स्वस्त पडते, पण ऐन दुपारी तिकडे जाण्यायेण्यात तास मोडतो. सूर्यास्तानंतर सामायिक, आणि मग दिव्यांत उजळलेले शहर पाहायला पुन्हा बाहेर. व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. इतर प्रवाशांची संध्याकाळ जेवणाघरात जाते. माझी सबंध मोकळी.

शिदोरीबद्दल भगिनींना थोडे सांगते, कारण यात मी फसता फसता वाचले. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, मावा नाही. ताज्या फळभाज्यांनाही दाखला लागतो. त्यातून अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच फळे सुटली आहेत. तेव्हा खजूर माझ्या पिशवीत पहिला. तेलाचे खाखरे, भाजलेली मूगडाळ, सातूचे पीठ, सुकी चटणी आणि थोडे तांदूळ. विमानात जैन जेवण मिळते, पण ते आधी नोंदवावे लागते. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून भाजी शनिवारीच आणून ठेवायची. "व्हेगन" ही चिठ्ठी पाहून निश्चिंत होऊ नये. तिने अंडे, दूध, जिलेटिन टळते, पण कांदा-लसूण टळत नाही. म्हणून मी दोन्ही भाषांतले शब्द पाठ केले. जर्मनमध्ये कांदा "त्स्वीबेल", लसूण "क्नोब्लाउख". हंगेरीत कांद्याला "हॉज्मा" म्हणतात आणि लसणाला "फोकहॉज्मा", म्हणजे एक शब्द शिकला की दुसऱ्याची ओळख पटते. बटाट्याला व्हिएन्नाचे लोक "एर्डएप्फेल" म्हणतात, म्हणजे जमिनीतले सफरचंद. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "नाव बदललं म्हणून कंद काय फळ होतो?"

कोट घेतानाही अशीच पारख करावी लागली. थंडीच्या अनेक उबदार कोटांत पक्ष्यांची पिसे भरलेली असतात आणि अनेक बूट चामड्याचे असतात. कृत्रिम भरावाचा कोट आणि कापडी-रबरी बूट शोधायला मला पुण्यात दोन दिवस लागले.

व्हिसाचा अर्ज मात्र याहून कठीण गेला. त्यात कागदपत्रे किचकट असतात हे कारण नव्हे. नियम सरळ आहेत. दोन देशांत जायचे असेल तर जेथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मी चार रात्री व्हिएन्नात आणि तीन बुडापेस्टमध्ये ठेवल्या, म्हणजे ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो. तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. शुल्क नव्वद युरो. हे सगळे मी शांतपणे लिहीत गेले आणि "व्यवसाय" या रकान्यापाशी थांबले.

पंचवीस वर्षे दुकानाची खतावणी मी लिहिली आहे. रोजमेळ बंद करताना चार आण्यांचा फरक निघाला तर रात्री अकरापर्यंत तो मीच शोधला आहे. त्या कामाला नाव नाही आणि पगारही नाही. एका एजंटाकडे गेले होते, तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गृहिणी लिहा. खर्च पती करणार म्हणून खूण करा. आणि खरं सांगू का, एकट्या बाईपेक्षा दोघांचा अर्ज करा, लवकर होतो." त्याच्या अनुभवाने तो कदाचित बरोबरही असेल. पण या प्रवासाचे पैसे माझे होते. भिशीचे, माहेरहून आलेल्या ठेवीच्या व्याजाचे, माझ्याच नावावरच्या खात्यातले. खर्च कोण करणार, या प्रश्नापुढे मी "अर्जदार स्वतः" या चौकटीत खूण केली. आणि सोबत यजमानांचे संमतीपत्र व त्यांची विवरणपत्रेही जोडली. व्यापाऱ्याच्या घरातली सून एकाच पावतीवर विसंबत नाही.

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. बारा दिवसांनी पासपोर्ट घरी आला. तोवर सासूबाईंनी या विषयावर एक अक्षर काढले नव्हते. वय ब्याऐंशी. त्यांचे मौन म्हणजे नकार, असे घरात सगळे धरून चालतात. मीही तसेच धरले होते. तिकीट काढण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी वही मागितली. चष्मा लावून त्यांनी तारखांचे पान वाचले. त्या वेळी मी बुडापेस्ट आधी ठेवले होते, कारण त्या क्रमाने विमान थोडे स्वस्त पडत होते. त्या म्हणाल्या, "हे गाव पूर्वेला, म्हणजे इथे दिवस आधी मावळणार. मग ते आधी का ठेवलंस? दिवस रोज वाढतोय. मोठा दिवस असलेलं गाव आधी घे, लहान दिवसाचं मागाहून. चार दिवसांत तेवढी भर पडेल."

मी तक्ता पुन्हा मांडला. क्रम बदलताच दोन्ही शहरांतला सूर्यास्त आठही दिवस जवळपास एकाच वेळेवर आला. एकही दिवस आखूड राहिला नाही. विमानाचा जास्तीचा खर्च मी निमूटपणे सोसला. मी त्यांना विचारले, विमानात सूर्य कोणत्या गावचा मानू? मुंबईहून पश्चिमेला जाताना दिवस साडेचार तासांनी लांबतो. "जिथे असशील तिथला," त्या म्हणाल्या आणि वही परत देताना विचारले, "तुपाशिवाय आठ दिवस निघतील ना तुझे?"

यजमानांनी मात्र सुरुवातीपासून विरोध केला नाही आणि उत्साहही दाखविला नाही. होप यांच्या पाच प्रदक्षिणा ऐकून ते फक्त "त्याच्याकडे मुनीम चांगला असेल" एवढेच म्हणाले होते, आणि त्यातला टोला मला कळला होता. ऐन आवकीच्या दिवसांत खतावणी कोण लिहिणार, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना विचारला नाही. चिरंजीव आठ दिवस बसेल असे ठरले आणि मी त्याला दोन रविवार शिकविले.

परवा रात्री मी व्हिएन्नाचा शनिवार आखीत होते. सकाळी अकादमीचा चौक, मग नाशमार्क्ट या जुन्या बाजारातून भाजी, साडेतीनला खोलीवर. यजमान मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ वाचीत होते.

"तिथे कडधान्यं मिळतात?"

"मिळत असतील. दुकानं बरीच आहेत."

"हरभरा काय किलो देतात, बघून ये. आणि माल कुठला आहे तेही विचार. आपला नसेलच, पण विचार."

शनिवारच्या ओळीत, भाजीच्या खाली, मी लिहिले: हरभरा. भाव आणि मुलूख.