दोन गुणांचा पाऊस

एप्रिलात म्हसवडच्या गच्च्यांवर दोन गोष्टी उन्हाला असतात, कुरडया आणि पोरं. सकाळची शाळा सुटली की हातात परिसर अभ्यासाचं पुस्तक देऊन पोराला वाळवणाच्या राखणीला बसवायचं, ही घराघरातली जुनी युक्ती. कावळा हाकलायचा आणि पुन्हा घोकायला लागायचं: पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात. समोर चिकाच्या ओल्या कुरडयांतलं पाणी ऊन बघता बघता उडवत असतं. पण परीक्षेत कुरडईचं उदाहरण कुणी लिहीत नाही. तिथं ओले कपडेच वाळतात. गाईडात तसंच असतं.

मला घोकंपट्टीचा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘कारणे द्या’ या प्रश्नाला स्वतःचा ताल आहे. आधी कारण, मग ‘म्हणून’, मग प्रश्नातलंच वाक्य जसंच्या तसं. निवडुंगाच्या पानांचे काटे झालेले असतात, त्यामुळे पाणी कमी उडतं, म्हणून निवडुंग कोरड्या भागात तग धरतो. पोरं हे चालीवर म्हणतात, पुढेमागे डुलत. अर्थ सावकाश येतो, शाळूच्या रानातून जाताना कधीतरी. शाळूला काटे नाहीत, पण पानावर मेणाचा पातळ थर असतो, आणि ताण पडला की पान स्वतःला गुंडाळून घेतं, उन्हाला कमीत कमी अंग दाखवतं. पावसाळा सरताना पेरायचं आणि जमिनीतल्या ओलीवर कणीस काढायचं, हे माणदेशातलं शास्त्र त्या एका ‘म्हणून’मध्ये मावतं. पाठ असल्याशिवाय ते आठवणार तरी कुठून?

2023-24 पासून पाचवीच्या परीक्षेला पुन्हा धार आली आहे. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं होतं. आता राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि तीत अडकलं तर फेरपरीक्षा. त्यामुळे भाचीची उजळणी घ्यायला मामाला बोलावणं येतं आणि मामा आनंदानं जातो.

आमची गाडी दरवेळी जलचक्रापाशी अडते. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, खाली येणारे बाण, नदी, पुन्हा समुद्र. भागांना नावे द्या. दोन गुण. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचं पोर हीच आकृती काढतं आणि म्हसवडचंही. दोघांना पट्टीनं तेवढेच बाण काढावे लागतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हसवडला पाचशेच्या आत-बाहेर. मध्ये सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. अरबी समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्री चढताना थंड होते आणि तिथंच रिती होते. घाट ओलांडून हवा खाली उतरते तशी तापत जाते, ढग विरतात. आमच्या माथ्यावरून जातात ते बहुतेक नुसते ये-जा करणारे. आकृती खोटी नाही. तिच्या कागदावर म्हसवड बसत नाही, एवढंच.

त्या कागदावर बसण्यासाठी इथल्या माणसांनी काय काय केलं! 1876-77च्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून माणसं जगवायची म्हणून कामं निघाली, त्यांत म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव आहे. माणगंगा अडवली, पण एवढं उघडं पाणी आमच्या उन्हाखाली ठेवणं म्हणजे बाष्पीभवनाच्या धड्याला सरकारी मंजुरीच. खुद्द माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूचीच नदी. पाणी असेल तेव्हा ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. पश्चिमेच्या समुद्राकडून उसनं घ्यायचं आणि फेडायचं पूर्वेच्या समुद्राला, असा आमचा व्यवहार.

आता त्यात आणखी एक फेरा आला आहे. कृष्णा उगवते महाबळेश्वरला. जिहे-कठापूर योजनेत तिचं पाणी पंपानं उपसून नेरच्या तलावात आणि तिथून आंधळीच्या धरणात, म्हणजे माणगंगेवरच, आणून सोडतात. डोंगरानं जे आमच्या वाट्याचं अडवलं, ते विजेच्या जोरावर मागल्या दारानं यायला लागलं. त्यातलं जे पीक आणि ऊन यांच्यातून वाचेल ते माणगंगेतून भीमेत, आणि भीमा तर रायचूरकडे पुन्हा कृष्णेलाच मिळते. सगळ्या चक्रात हा एकच बाण असा, की त्याचं वीजबिल येतं. सूर्य वाफ उचलतो त्याचं कुणी आकारत नाही.

हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं, हात हलवत. भाचीनं ऐकलं आणि वहीतल्या नदीपासून डोंगरावर चढणारा एक ठसठशीत बाण काढून त्याला नाव दिलं, ‘मोटार’.

“हे पेपरात नको काढूस,” मी घाईनं म्हणालो. “गुण जातील.”

“मग सांगितलंस कशाला?”

याचं उत्तर गाईडात नव्हतं. तिनं खोडरबर घेऊन बाण पुसला, कागद फुंकला आणि पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

“सूर्यमाला विचार आता. तिथं पाण्याची भानगड न्हाई.”