चेडवाचे पैसे

आमच्या लहानपणी पोरांना वाढवायचे पैसे मुंबईहून येत. सरकार म्हणजे तलाठी, शाळेतले गुरुजी आणि निवडणुकीच्या वेळी खासदार मधू दंडवत्यांची सभा. हे सरकार आपल्या पोरांसाठी पैसे देईल, आणि ते आपण मागायला जायचं असतं, असं वाडीत कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. पैसे द्यायचे ते बापसाने, तो नसेल तर काकाने, आणि तोही नसेल तर मामाने.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना लागतं आमचं गाव. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. घरटी एक तरी बाप्या गिरणगावात, लालबाग-परळच्या नाहीतर डिलाईल रोडच्या गावकऱ्यांच्या खोलीत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच जागेवर आडवं व्हायचं, खानावळीत जेवायचं आणि पगार झाला की मनिऑर्डर करायची. पैसे पाठवायला कमिशन पडे, पण त्याबद्दल कुरकुरताना मी कुणाला ऐकलं नाही. सगळा जिल्हाच मनिऑर्डरवर जगतो असं बाहेरचे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

महिन्याच्या दहा-बारा तारखेपासून वाडीचे कान पोस्टमनच्या सायकलकडे. तो आमच्या ओट्यावर टेकला की आजी आतून हात पुसत येई. "आजये, हंय अंगठो उठव," असं म्हणून तो शाईची डबी पुढे करी, शेजारच्या कुणाला तरी साक्षीदार म्हणून हाक मारी, नोटा मोजून देई आणि मग फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरचा निरोप वाचून दाखवी. तीन-चार ओळींत बाबा सगळं बसवत. पैसे पाठवले आहेत, दुकानदाराचे द्यावेत, पोरांना वह्या घ्याव्यात, पावसाआधी घर शाकारून घ्यावं. घराघरातला मजकूर असाच. ओट्यावर दहा माणसं असली तर दहाही माणसांना तो कळे आणि संध्याकाळपर्यंत कुणाला किती आले हे वाडीला पाठ असे. त्या दिवशी उधारी फिटे, मासळीवाली दोनदा आत बोलावली जाई.

हे सगळं आठवताना गोड वाटतं. पण त्या मनिऑर्डरीवर माझ्या आईचं नाव कधी नव्हतं. मूल तिचं, शाळेची फी तिच्या मुलीची आणि पैसे सासूच्या नावावर. मला भूमितीची पेटी हवी होती तेव्हा आईने आजीला सांगितलं, आजीने चार दिवस विचार केला, पदराची गाठ सोडली, आणि पेटीऐवजी नुसती पट्टी आली. आईचा स्वतःचा पैसा म्हणजे सोलां, चार अंडी आणि मालवणच्या बाजारात विकलेली आंबाड्याची टोपली. आमच्या वह्या पुष्कळदा त्या टोपलीतून आल्या आहेत. नाही म्हणायला जूनमध्ये मुंबईचं ग्रामस्थ मंडळ शाळेत वह्या वाटी. त्यांच्या कव्हरावर देणगीदाराचं नाव छापलेलं असे आणि वर्षभर ते दप्तरातून बाहेर डोकावे.

सरकारी मदत म्हणून आम्हाला ठाऊक होता तो एकच कागद, ई.बी.सी.चा फॉर्म. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ही सवलत आली. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ. पुढे ही मर्यादा वाढत गेली. गावात त्याला 'इबीशी' म्हणत. जून महिन्यात हायस्कूलचे सर वर्गात फॉर्म वाटत, मग पावसातून तलाठ्याकडे उत्पन्नाचा दाखला आणायला जायचं. तलाठी दुसऱ्या गावात, वाटेत व्हाळ, म्हणजे ओढा, भरलेला. दाखला मिळे, फॉर्म भरला जाई आणि फी माफ होई. त्यात रोख पैसा हातात पडत नसल्यामुळे ही सरकारने केलेली मदत आहे असं कुणाला वाटतच नसे. शाळेत फी घेत नाहीत, एवढंच.

१८ जानेवारी १९८२ला कामगार पुढारी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी अकरावीत होते. फेब्रुवारीत मनिऑर्डर आली ती निम्मी, एप्रिलमध्ये आलीच नाही आणि मे महिन्यात बाबा स्वतः आले. दरवर्षी येत तसेच, फक्त परत गेले नाहीत. सगळ्या किनारपट्टीने त्या वर्षी हे पाहिलं. माझं पुढचं शिक्षण, डी.एड.ची दोन वर्षं, मामाच्या पैशावर झाली. मामाने ते मनापासून दिले, आणि मनापासून लक्षातही ठेवले. माझ्या लग्नात, माझ्या पोराच्या बारशाला, अगदी परवापरवापर्यंत, "मामान शिकयला म्हणान" हे वाक्य कुणी ना कुणी म्हणायचंच. त्या वाक्याला मान डोलावण्यात माझी चाळीस वर्षं गेली. उपकार खरेच होते, तक्रार नाही. पण कुटुंब कसं पाठीशी उभं राहायचं, असं आजकाल कुणी गहिवरून सांगू लागलं की मला त्याचं हे व्याजही आठवतं.

पैसा सरकारने द्यावा हा विचार मात्र त्याच मुंबईत फार आधी बोलून झाला होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि हा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. गिरणीत राबणाऱ्या बाईला त्यातून काही मिळू लागलं, पण गिरणीत राबणाऱ्या बाप्याची गावी बाळंत होणारी बायको त्यात कुठेच नव्हती. तिने आठव्या महिन्यापर्यंत तरवा लावायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, म्हणून मला भरपगारी रजा मिळाली. त्याच महिन्यात बाळंत झालेली शेजारीण महिन्याभरात शेतात उतरली. ओट्यावरून मी तिला पाहत होते, आणि ती मला.

नोकरीत असल्यामुळे पुढच्या योजना मी टेबलाच्या पलीकडून पाहिल्या. काही जातीजमातींच्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता. तो वाटताना सह्या मीच घेतल्या. १५ ऑगस्ट १९९५ला शालेय पोषण आहार आला तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. पिशवी घेऊन आलेली आई शाळेच्या दारात संकोचून उभी राही, कारण फुकट घेणं म्हणजे लाज. त्याच वर्षी गरीब बाळंतिणीला ३०० रुपये देणारी केंद्राची योजना आली, पुढे त्याचे ५०० झाले. २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत झालेल्या गरीब बाईला खेड्यात ७०० रुपये. रकमा ऐकून आज हसू येईल. पण पहिल्यांदाच त्या यादीत बाईचं स्वतःचं नाव होतं.

आणि आता आमच्या पुतण्याची बायको. ऑगस्ट २०२४मध्ये तिला मुलगी झाली, कुडाळकडे माहेरी. मुलीच्या जन्माच्या नोंदीपासूनच काळ बदललेला दिसला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव, असा राज्याचा नियम आहे. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही दाखल्यावर नाही.

या चेडवाच्या, म्हणजे मुलीच्या, नावाने काय काय मिळतं ते सूनबाईला माझ्यापेक्षा जास्त पाठ. पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५ हजार, दोन हप्त्यांत. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६ हजार. शिवाय राज्याची लेक लाडकी. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्न लाखाच्या आत. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे मिळून १ लाख १ हजार. याआधी २०१६पासून माझी कन्या भाग्यश्री होती, त्याआधी २०१४ची सुकन्या. दर काही वर्षांनी मुलीचं कौतुक करणारं नवं नाव सरकारला सुचतं आणि अंगणवाडीताई जुनी नोंदवही बाजूला ठेवून नवी आखते.

कागदांची गंमत अशी की एकेक कागद माणसाचा सगळा इतिहास उकरतो. आमच्याकडे लग्नात तबकातल्या तांदळांत बोटाने नवरीचं नवीन नाव लिहितात. ते तांदूळ सगळ्यांनी पाहिले, पण आधारने पाहिले नाहीत. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. सेतू केंद्रातला मुलगा हसून म्हणाला, "आधारावर एक नाव, बुकार दुसरा. ह्यातला खरा खयचा?" रेशनकार्डाचंही तेच. १९९९मध्ये तिरंगी कार्डं आली तेव्हा पांढरं कार्ड मिळालं म्हणून मिरवणारी घरं आमच्याच वाडीत होती. मुंबईच्या पगारावर मिळालेलं ते पांढरं आता नातीच्या आड येतं. पुतण्याचं कार्ड सुदैवाने केशरी, पण त्याचं नाव मुंबईच्या कार्डातून कमी करून आणावं लागलं. तारकर्लीला पर्यटकांच्या होडीवर काम करणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न किती, हे तर तलाठ्यालाही सांगता येत नाही आणि त्यालाही. पावसाळ्याचे महिने होडी किनाऱ्यावर उलटी.

सगळं झालं, मंजूर झालं, पैसे 'गेले' असा मेसेजही आला, पण खात्यात काही नाही. चौकशी करता करता कळलं की पैसे अर्जावरच्या खात्यात जातच नाहीत. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलेलं असेल तिथे जातात. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात ते निवांत पडून होते. तिथे पासबुक भरून घेतलं तेव्हा सूनबाईला ते सापडले.

अंगणवाडीताई नसती तर यातलं अर्धंही झालं नसतं. पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर बाळाचं वजन चढवायला ती रेंज शोधत देवळाच्या घाटीवर जाते. जुना पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तरही लिहून द्यायचा. ते काम आता हिच्याकडे आलं आहे, मानधनावर. पोस्टमनही बदलला. पूर्वीची मनिऑर्डर २०१५ला बंद झाली. २०१८पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आली, आणि तो आता दारात यंत्र घेऊन येतो. त्यावर बोट टेकवलं की आधारच्या खात्यातले पैसे हातात. वाळवणं आणि मासळी साफ करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायकांना ते यंत्र ओळखत नाही. शाईच्या डबीने कधी कुणाला नाकारलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मला जुनं खरोखर बरं वाटतं. दर्यात गेलेला माणूस परत आला नाही तर पूर्वी त्याच्या घरी रापणीतली, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यातली, मासळी पोचे. रापणीच्या दोरीला जो हात लावील त्याला मासळी, मग ते आठ वर्षांचं पोर का असेना. त्या पोराच्या आईला कुणी काही सिद्ध करायला सांगत नसे. आता एक पालक गमावलेल्या मुलासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपयांची. रक्कम बरी, मूल घरीच राहतं, गृहचौकशी आणि बालकल्याण समितीचा आदेश यांतून जावं लागतं, तेही ठीक. पण देह सापडला नाही तर मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? बेपत्ता माणूस मेला असं कायदा सात वर्षांनी धरतो. विधवा म्हणून कुठलाही अर्ज करायला गेलेल्या बाईला तोवर पहिला प्रश्न तोच. आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटींनी मासळी बाहेरच्या बाहेर उपसल्यावर रापणीच्या जाळ्यात तरी काय येतं!

तरीही मला विचाराल तर मी आजच्याच बाजूने. सूनबाईचे पैसे आले त्या दिवशी तिने सासूला विचारलं, काय करू यांचं? माझी जाऊ म्हणाली, "माका कित्याक विचारतंस? तुझ्याच बुकार इलेत." जावेच्या आवाजात थोडा रुसवा होता, हेही सांगायला हवं. सुनेने निम्मे पैसे पोस्टात मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात टाकले, बाकीच्यांतून बाळाची औषधं आणली आणि स्वतःसाठी चपला घेतल्या. चपलांबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. माझ्या आईने असं केलं असतं तर ते मुंबईपर्यंत गेलं असतं.

२०११च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १९ हजारांनी घटून साडेआठ लाखांच्या आत आली. पैसे द्यायला सरकार तयार झालं तोवर वाडीत पाळणे कमी झाले. लेक लाडकीचा पुढचा हप्ता जून २०३०मध्ये, मुलगी पहिलीत गेली की. त्यासाठी शाळेचा दाखला लागेल, आणि आमच्या वाडीच्या शाळेचा पट बोटांवर मोजण्याइतका. गावच्या रिक्षा भरभरून मुलं इंग्रजी शाळेकडे जातात. अंगणवाडीताईने आत्ताच बजावून ठेवलं आहे, "पयलीचे सहा हजार कसलेय होवंदेत, चेडवाचा नाव आमच्याच शाळेत घाला हां. पट टिकाक व्हयो." सूनबाई हसली, हो म्हणाली नाही. ती इंग्रजी शाळेची फी विचारून आली आहे, हे मला ठाऊक आहे.