डोंगरावरून दिसणारं जपान

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण डोंगरात राहणाऱ्या माणसानं केलेली नसावी. ती सपाटीवरच्या माणसाची आहे. शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या शिवारातून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची रांग निळसर, मऊ दिसते. कधी कामानिमित्त वर जावं लागलं की दगड, ऊन आणि न संपणारी वळणं भेटतात. त्या हिरमोडातून अशी म्हण निघते. पण अक्राणी तालुक्यात, धडगावच्याही पलीकडे एखाद्या पाड्यावर ज्याचं घर आहे, त्याला ती कशी लागू करायची? डोंगर त्याच्यापासून दूर कधी नव्हताच. त्याला दुरून साजरी दिसत असेल ती तापीकाठची सपाटी, तिथले पपई-केळीचे मळे, डांबरी रस्ते आणि रात्रीचे दिवे. मग म्हणीत डोंगराच्या जागी सपाटी घातली की काम भागलं, असं वाटतं, पण भागत नाही. म्हणीतला माणूस डोंगर चढतो, नाक मुरडतो आणि घरी परततो. नाक मुरडायची त्याला मोकळीक आहे. डोंगरावरून खाली उतरणारा बहुतेकदा आश्रमशाळेत उतरतो, नाहीतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो, आणि 'जवळून काही खास नाही' म्हणून परत फिरणं त्याला परवडत नाही. जपान्यांचीही फुजी पर्वताबद्दल एक म्हण आहे: तो एकदाही न चढणारा मूर्ख आणि दोनदा चढणाराही मूर्ख. गंमत आहे, पण तीही ज्याला चढणं-न चढणं निवडता येतं त्याचीच म्हण आहे. डोंगराखालच्यांनी डोंगरावर म्हणी कराव्यात आणि डोंगरावरच्यांनी त्या शाळेत पाठ कराव्यात, हा क्रम बहुधा सगळीकडे सारखाच असावा.

हे सगळं डोक्यात घोळतं ते नंदुरबारसारख्या जिल्ह्यातली मुलं देवाणघेवाणीच्या योजनांतून जपानला जाण्याचा विषय निघतो तेव्हा. धुळ्यातून वेगळा होऊन 1 जुलै 1998 रोजी झालेला हा जिल्हा. 2011च्या जनगणनेनुसार दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी. इथल्या मुलाचा परदेश म्हणजे तोक्यो, असं आपण गृहीत धरतो. मला ते गृहीतच चुकीचं वाटतं. पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणारं सहा-सात वर्षांचं मूल आश्रमशाळेत पाऊल टाकतं तोच त्याचा पहिला परदेश असतो. भाषा वेगळी, जेवण वेगळं, निजायची जागा वेगळी, उठायची वेळ घंटेवर, आणि ज्यांच्या घरी राहायचं ते यजमान म्हणजे सरकारचा आदिवासी विकास प्रकल्प. जपानला जाणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला आधी भाषेची तोंडओळख करून देतात, तिकडच्या रीती सांगतात, यजमान कुटुंब ठरवून देतात, घरची आठवण आली तर कोणाशी बोलायचं हेही सांगून ठेवतात. परक्या भाषेत एकटं पडणं कठीण असतं हे जाणत्यांना ठाऊक आहे, याचाच हा पुरावा. मग तीच गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला विनातयारी करावी लागते तेव्हा तिला कठीण का म्हणत नाहीत? त्या मुलाला मराठी येत नसेल तर 'कच्चा' म्हणतात. जपानी न येणाऱ्याला मात्र 'शिकतोय' म्हणतात.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो खरा आहे. आश्रमशाळेतलं एकटेपण ही गैरसोय आहे, कधीकधी अन्याय आहे; त्याला 'परदेशाचा अनुभव' असं गोंडस नाव दिलं तर अन्याय करणाऱ्यांची सोय होईल. मान्य. पण एखाद्या मुलीनं परक्या भाषेत दहा वर्षं काढली, तिसरी भाषा म्हणून इंग्रजीही धरली, तर तिच्या गाठीला काहीतरी जमा झालं आहे, आणि निवड करताना ते मोजायला हरकत नसावी. सहसा मोजलं जातं ते दहावीचे गुण आणि इंग्रजी संभाषण. जिला परक्या जागी रुळण्याचा सर्वांत जास्त सराव, ती या मापात मागे पडते.

झाडूचंही असंच आहे. जपानी शाळांतली मुलं वर्ग स्वतः झाडतात, फरशी पुसतात, दुपारचं जेवण आपल्या हातांनी एकमेकांना वाढतात. याची छायाचित्रं आपल्याकडे कौतुकानं फिरतात, शिस्त म्हणजे काय ते जपानकडून शिका, असं सांगितलं जातं. आश्रमशाळेतलं मूल आवार झाडताना किंवा पाणी भरताना दिसलं तर मात्र ती बातमी होते, आणि कौतुकाची नव्हे. तोच झाडू एका देशात संस्कार आणि दुसऱ्यात हलगर्जीपणा का ठरावा? नीट पाहिलं तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खरं आहे. जपानमध्ये 1954 साली शालेय भोजनाचा कायदा झाला, आहाराकडे पाहणारी माणसं नेमली गेली, आणि झाडून झाल्यावर मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं. इथे ते घरी जात नाही. तिथे झाडणं हा शिक्षणाचा भाग आहे, इथे बऱ्याचदा रिकाम्या पदाची भरपाई. म्हणजे झाडू एक असला तरी त्यामागचं घर एक नाही. एवढं कबूल करूनही मला वाटत राहतं की जपानला गेलेल्या आपल्या मुलीला तिथे वर्ग झाडताना पहिल्याच दिवशी हात सफाईनं चालतो आहे असं दिसलं, तर त्याचा तिला अभिमान वाटावा की संकोच, हे तिला कोणीच सांगितलेलं नसेल.

देवाणघेवाणीत आपण काय द्यायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेनं 2014 पासून चालवलेला साकुरा सायन्सचा कार्यक्रम घ्या. शाळकरी मुलांसाठी त्याचा बेत साधारण आठवडाभराचा: प्रयोगशाळा, विद्यापीठ, संग्रहालय, थोडी संस्कृती. चांगला आहे, न जाण्यापेक्षा कितीतरी बरा. पण अशा प्रत्येक भेटीत एक सांस्कृतिक संध्याकाळ असते आणि तिथे पाहुण्यांनी 'भारत' दाखवायचा असतो. साडी, योगासनं, हिंदी गाण्यावरचा नाच. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर नाचणाऱ्यांच्या घरातली मुलगी तिथे काय दाखवणार? स्वतःचं दाखवलं तर आयोजकांच्या यादीतला भारत तो नाही. यादीतला दाखवला तर तो तिनं पाचवीत स्नेहसंमेलनासाठी शिकलेला. आणि समोरचा जपानही चहाच्या समारंभाचा, किमोनोचा, कागदाच्या बगळ्यांचा. दोन मंच एकमेकांना नमस्कार करतात आणि मुलं विमानात बसतात.

नंदुरबारचा आणि जपानचा एक जुना संबंध आहे, तो मात्र या मंचावर कधी येत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावं येणार होती ती अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. मणिबेली त्यांतलं पहिलं. त्या धरणाच्या वीजनिर्मितीसाठीची यंत्रं जपानी कंपन्यांची आणि त्यासाठीचं कर्जही जपान सरकारच्या परदेशी साहाय्य निधीचं होतं. नर्मदा बचाव आंदोलनाची बाजू जपानमधल्या पर्यावरणवाद्यांनी उचलली, तोक्योत त्यावर परिषद झाली, आणि 1990 मध्ये जपाननं पुढचे पैसे थांबवले. धरणाला कर्ज देणारी जागतिक बँक बाहेर पडली ती त्यानंतर, 1993 मध्ये. म्हणजे नर्मदाकाठच्या पाड्यांचं म्हणणं आधी तोक्योला कळलं आणि वॉशिंग्टनला मागाहून. धरण तरीही झालं, हा भाग वेगळा.

त्याच काळात जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर सारू नदीवर निबुतानी नावाचं धरण उभं राहत होतं. ती आयनू लोकांची जागा. आयनू हे जपानचे आदिवासी. 1899 च्या 'संरक्षण' कायद्यानं त्यांना शेतकरी आणि जपानी करण्याचा चंग बांधला होता आणि तो कायदा 1997 पर्यंत पुस्तकात होता. जमीन द्यायला नकार दिलेल्यांपैकी एक कायानो शिगेरु. त्यांनी लहान मुलांसाठी आयनू भाषेची शाळा सुरू केली, आणि 1994 मध्ये ते जपानी संसदेत पोहोचलेले पहिले आयनू ठरले. मार्च 1997 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयानं निकाल दिला: आयनू हे मूलनिवासी आहेत, त्यांची जमीन घेणं बेकायदा होतं, पण धरण आता बांधून झालं आहे, तेव्हा ते राहू द्यावं. हा निकाल नर्मदाकाठच्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. इकडे आंदोलनानं 1990 च्या दशकात त्याच गावांत जीवनशाळा काढल्या, मुलांच्या बोलीचा हात धरून शिकवणाऱ्या. एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन नदीकाठची गावं सारखंच काही करत होती. खरी देवाणघेवाण मणिबेली आणि निबुतानीत व्हायला हवी होती, असं मला फार वाटतं.

आणि इथेच माझं म्हणणं डळमळतं. आदिवासी मुलीनं जपानला जाऊनही आदिवासीच पाहावेत, हा हट्ट कोणाचा? पुण्याच्या मुलानं जपानमध्ये रोबो पाहावेत, शिन्कान्सेननं फिरावं, अ‍ॅनिमेची दुकानं धुंडाळावीत, आणि धडगावच्या मुलीनं मात्र बुडालेल्या गावांचं दुःख वाटून घ्यावं, ही वाटणी केली कोणी? तिला कदाचित धरणाबद्दल ऐकून ऐकून कंटाळा आला असेल. मंच नको म्हणताना मी तिच्यासाठी दुसरा मंच बांधत होतो, फक्त माझ्या आवडीचा.

शिवाय जवळून पाहणं, राहणं, खरं काय ते कळणं यावर मी एवढा भर देतो आहे, पण महाराष्ट्राच्या इतिहासातलं जपानचं सर्वांत मोठं देणं दुरून पाहिल्यामुळेच आलेलं आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती 1915 मध्ये तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. त्या वर्षीच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसं विद्यापीठ इथे व्हावं अशी कल्पना मांडली, आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. ते स्वतः जपानला गेले 1929-30 च्या जगप्रवासात, म्हणजे विद्यापीठ निघाल्यावर तेरा-चौदा वर्षांनी. आधी गेले असते तर काय दिसलं असतं? 1901 साली नारुसे जिन्झो यांनी काढलेली ती संस्था नावानं विद्यापीठ असली तरी जपानी कायद्यानं तेव्हा विद्यापीठ नव्हती. तो दर्जा तिला 1948 मध्ये मिळाला. चांगली पत्नी आणि शहाणी माता घडवण्याचं तेव्हाचं सरकारी धोरणही त्यांना जवळून दिसलं असतं. पुस्तिकेत हे जाणवलं नाही, किंवा जाणवूनही त्यांनी त्यातलं हवं ते घेतलं. डोंगर दुरून साजरा दिसला म्हणून तर त्यांनी इकडे एक डोंगर रचला. त्यांच्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून होतं. आश्रमशाळेतल्या पावरी मुलीला शंभरावर वर्षांनंतरही ते मिळत नाही, हा टोमणा मारायचा मोह होतो. पण पावरी, भिलोरी, मावची, कोकणी अशा एवढ्या बोलींत दहावीपर्यंतची पुस्तकं कशी करायची, हे मलाही सांगता येणार नाही. कर्व्यांची गोष्ट नियम मानावी की अपवाद, हेही कळत नाही. त्यांचं वय तेव्हा सत्तावन्न होतं, ऐकणारी सभा समोर होती. आठवड्याची भेट आटोपून परतलेल्या मुलीला शाळेत सत्कार मिळतो, सभा मिळत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपाननं पाच वर्षांत 5 लाख माणसांच्या जाण्यायेण्याचं लक्ष्य ठरवलं; त्यांतले 50 हजार भारतातून तिकडे जाणारे कुशल-अर्धकुशल कामगार. म्हाताऱ्या होत चाललेल्या देशाला हात हवे आहेत, आणि नंदुरबारचे हात दरवर्षी दिवाळीनंतर गुजरातेत जातातच. तेव्हा विद्यार्थी म्हणून गेलेल्याला उद्या कामगार म्हणून बोलावलं तर तक्रार करावी की आनंद मानावा? तिथला पगार बारडोलीच्या फडापेक्षा चांगला असेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

राहिला उलटा रस्ता. जपानी मुलानं धडगावला यावं, एखाद्या घरी राहावं, हे कोणी बोलत नाही. सोयी नाहीत, संडास नाही, दवाखाना लांब, असं कारण सांगतील, आणि ते नाकारता येत नाही. दिवाळीनंतर बोलावलं तर कित्येक घरं ऊसतोडीला गेलेली असतील. जपानी शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर. तेव्हा शेतीची कामं असतात, माणसं घरी असतात, फक्त नाले भरतात आणि रस्ते तुटतात. एवढी अडचण सोसूनही कोणी आलंच, तर निमंत्रणपत्रावर सही कोणाची असेल? प्रकल्प कार्यालयाची असेल तर पाहुण्याला आश्रमशाळेचं रंगवलेलं आवार दिसेल. घराची असेल तर यजमानाला आधी विचारावं लागेल की त्याला पाहुणा हवा आहे का, आणि तो नको म्हणाला तर या साऱ्या विचाराचं काय करायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.