बंबाची पाठवणी

जुन्या घरातल्या वस्तूंचे मला नेहमी दोन वर्ग दिसतात. काही वस्तू आपल्या घरात राहतात आणि काही वस्तूंच्या घरात आपण राहतो. खुर्ची, घड्याळ, रेडिओ या पहिल्या वर्गातल्या. मनात आले की त्यांची जागा बदलावी, कंटाळा आला की विकून टाकावे. दुसऱ्या वर्गाचे तसे नसते. जाते, उखळ, धान्याची कणगी आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब यांनी आपापल्या जागा आपल्या जन्माआधीच धरलेल्या असतात. त्यांना 'ऊठ' म्हणायचे धाडस सहसा कुणी करीत नाही. केलेच, तर उठवायला चार माणसे लागतात.

वाईच्या आमच्या घरातला बंब यंदाच्या वैशाखात बाहेर निघाला आणि त्याला खरोखरच चार माणसे लागली. पण माणसांआधी जे बोलणे लागले, त्याचा हिशेब निराळा.

ज्यांच्या लहानपणीच भिंतीवर गीझर आला त्यांच्यासाठी बंबाचे थोडे वर्णन केले पाहिजे. बंब म्हणजे तीन पायांवर उभा असलेला तांब्याचा पिंप. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळा असतो. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि नळ्याभोवती चहूबाजूंनी पाणी. चुलीवरच्या हंड्याला आच लागते ती बुडाला, आणि त्यातली बरीचशी बाहेरून निसटून जाते. बंबात विस्तवच पाण्याच्या पोटात बसवलेला असतो. शिवाय तांबे लोखंडापेक्षा सुमारे पाचपट चांगले उष्णतावाहक. रशियातले आणि काश्मीरमधले चहाचे समोवार याच तत्त्वावर चालतात. आमच्या बंबाला तोटी वरच्या अंगाला होती, कारण तापलेले पाणी हलके होऊन वर येते. सुट्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते नळीवाटे तळाशी जाई आणि तेवढेच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडे. घेणाऱ्याने आधी द्यायचे, असा त्या बंबाचा रोखठोक व्यवहार होता.

आमचा बंब पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेला. त्या आळीतून जाताना हातोड्यांचा जो एकसारखा नाद ऐकू येतो, तो मठारकामाचा. पत्र्यावर जवळजवळ पडलेले ते बारीक ठोके नुसते शोभेसाठी नसतात. थंड तांब्यावर ठोके पडले की पत्रा कडक होतो आणि वर्षानुवर्षे वापरूनही सहजासहजी पोचे येत नाहीत. बंबाच्या कपाळावर आजोबांचे नाव आणि खाली शके १८६० असे कोरलेले होते. म्हणजे १९३८ साल. त्या वेळी घरात चौदा माणसे होती आणि बंबात दहा घागरी पाणी मावे.

नाव आजोबांचे असले तरी त्यांनी तो बंब एकदाही पेटवल्याचे कुणाला आठवत नाही. ते काम आधी आजीचे होते. १९७४ मध्ये लग्न होऊन आई या घरात आली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते आईचे झाले. पहाटे साडेचारला उठायचे, आदल्या दिवशीची राख काढायची, गोवरीचा तुकडा, शेंगांची टरफले, करवंट्या आणि वर बाभळीचे जळण असे रचायचे, आणि पेटेपर्यंत फुंकत बसायचे. राखही वाया जात नसे. ती भांड्यांना लागे. रद्दी कागद तर हक्काने बंबाकडे जात. माझ्या कोवळ्या वयातल्या कवितांना समाजात ऊब मिळाली ती याच बंबात.

दिवाळीत मात्र बंबाचा थाट असे. धनत्रयोदशीला त्याला चिंच लावून घासायचे, पाणी भरायचे, त्याच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटे ओढायची आणि गळ्यात झेंडूची माळ घालायची. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात तो असा झळकत असे की, उटण्याच्या वासाने अर्धवट जागी झालेली आम्ही मुले त्याच्या अंगात आपली वेडीवाकडी तोंडे पाहून हसत असू. माझ्या पिढीला बंब आठवतो तो असा. त्याचे सोने झालेले तेवढे आमच्या लक्षात राहिले.

आता या बंबाला उठवायची वेळ का आली? आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितले की न्हाणीघरात वॉकर गेला पाहिजे, भिंतीला धरायला दांडी पाहिजे आणि पायाखाली उंचवटा नको. आमच्या न्हाणीघराचे दार पावणेदोन फुटांचे, आणि आत शिरताच डाव्या हाताला बंबाचा दगडी ओटा. वॉकर आणि बंब यांना एकत्र नांदता येईना. त्यात आणखी एक गंमत होती. बंबाचा व्यास तेवीस इंच आणि दाराची रुंदी एकवीस! पूर्वी न्हाणीघराला दारच नव्हते, नुसता पडदा असे. १९८२ मध्ये वडिलांनी चौकट बसवली तेव्हा बंब आत होता. तो कधी बाहेर यायचा आहे, हा विचार त्या काळी कुणाच्या मनाला शिवण्यासारखा नव्हता. प्लंबरने पाहणी केली आणि सरळ सांगितले, "कटरने चार तुकडे करू, साहेब. अर्ध्या तासाचं काम."

'तुकडे' हा शब्द उच्चारला गेला आणि घराण्याची सभा भरली. पुण्याहून धाकटे काका आले. ठाण्याहून आतेभाऊ आला. दादा आणि वहिनी तर त्या घरातच राहतात. मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे बोलण्याच्या कामी माझा उपयोग होईल असे सर्वांनी गृहीत धरले होते.

काकांनी प्रथमच बाजू मांडली ती स्वदेशीची. "बंब आपला, गीझर परका," असे ते म्हणाले. इथे मला बोलणे भाग पडले. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या पंपाला 'बॉम्बा' म्हणतात आणि आपला बंब त्यावरून आला असे जाणकार मानतात. म्हणून तर आग विझवणारा तोही बंब आणि आग पोटात घेऊन बसणारा तोही बंब. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' या म्हणीतला बंब पहिल्या जातीचा. उलट 'गीझर' हे नाव आइसलँडमधल्या उसळत्या उन्हाळ्याचे. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने पाणी तापवणारे यंत्र केले आणि त्याला त्या झऱ्याचे नाव दिले. तेव्हा दोघेही पाहुणेच. एक थोडा आधी आला, इतकेच.

काकांना व्युत्पत्ती पटली, पण गीझर पटला नाही. ते आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, काही म्हणा, बंबाच्या पाण्याची सर गीझरच्या पाण्याला नाही. धुराचा तो वास, ती ऊब..."

आई शांतपणे म्हणाली, "खरं आहे, भाऊजी. पण तुम्हाला ते पाणी ठाऊक आहे, मला धूर ठाऊक आहे."

काका गप्प झाले. खरे तर आम्ही सगळेच. आजीचे डोळे बारमाही लाल असत आणि पहाटेच्या खोकल्याने आम्हाला जाग येई, या गोष्टी आम्हा सर्वांना माहीत होत्या. पण त्या 'आजी'च्या खात्यात होत्या, 'बंबा'च्या खात्यात कधी मांडल्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या सरपण-कोळशाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा आकडा मी वर्गात सांगितला असता तर मुलांनी वहीत उतरवून घेतला असता. आईच्या एका वाक्याने तो माझ्या घरात येऊन बसला.

आतेभावाचे म्हणणे निराळे होते. त्याला बंब अखंड हवा होता. हल्ली हॉटेलांत आणि शेतघरांत असे बंब लखलखीत करून दारात ठेवतात, त्यांत रोपे लावतात. "मामी, मी गॅलरीत ठेवतो. आजोबांची आठवण राहील."

आईने विचारले, "घासणार कोण रे तो?"

"कामाच्या बाई आहेत की."

"म्हणजे पुन्हा कुणी बाईच," आई म्हणाली. ती हसत होती, पण आतेभावाने विषय पुढे वाढवला नाही.

गीझर कोणता घ्यायचा, यावरही बराच खल झाला. छपरावर मंगलोरी कौले, म्हणून सूर्यबंबाचे वजन त्याला पेलणार नाही असे गवंड्याचे मत पडले. गॅसचा गीझर स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीघरात त्याचे जळण अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. निखाऱ्यांवरही तो वायू होतोच, पण बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबून सावध करी. शेवटी विजेचा पंचवीस लिटरचा गीझर ठरला आणि त्याच्यासाठी स्वतंत्र वायर व अर्थिंग घालून घेतले. जुन्या घराच्या वायरींवर दोन किलोवॉटचा भार टाकणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला दोन गाड्या जुंपण्यासारखे.

तुकड्यांचा प्रश्न मात्र आपोआप सुटला. वॉकरसाठी दार रुंद करायचेच होते. चौकट निघाली, भिंत हातभर फुटली आणि बंबाला वाट मोकळी झाली. बंबासाठी आम्ही भिंत फोडली नसती. आईसाठी फोडली, आणि बंब त्या वाटेने अखंड बाहेर पडला. गोणपाट गुंडाळून, बांबूला दोर बांधून चौघांनी तो अंगणात आणला. आडवा करताच आत काहीतरी खडखडले. नळीतून आणि तोटीतून क्षारांचे खडे पडू लागले; घमेले भरले. पाण्यातले क्षार तापून तापून आतल्या भिंतींवर बसले होते आणि त्या थरामुळे आच पाण्यापर्यंत उशिरा पोचत होती. "हल्ली पाणी तापायला फार वेळ लागतो," असे आई दहा वर्षे म्हणत होती. तिच्या वयामुळे तिला तसे वाटत असेल, असा घराचा समज होता.

मोडीच्या तराजूवर बंब अडतीस किलो भरला. तो तांबट आळीतल्याच एका वृद्ध कारागिराने घेतला. त्याने बंब उलटा केला, बुडावर बोट फिरवले आणि म्हणाला, "हे बूड मागाहून घातलंय. जुन्या हंड्याचा पत्रा आहे." आम्ही वाकून पाहिले. धुराने काळ्या झालेल्या पत्र्यावर पुसट अक्षरे होती, अर्धवट कापलेल्या एका नावाची. ते आमच्यापैकी कुणाचे नव्हते. कुणाच्या तरी रुखवतात आलेला, कुणाची तरी पाठ मोडणारा तो हंडा मोडीत गेला होता, आणि त्याच्या जिवावर आमच्या बंबाने आणखी कित्येक वर्षे पाणी तापवले होते.

मला वाटते, आपल्या आज्यांना तांब्याची ही रीत पुरती ठाऊक होती. भांडे जुने झाले की मोड द्यायची आणि वर पैसे घालून नवे घ्यायचे. तांबे कितीदा वितळवले तरी तांबेच राहते; त्याचा गुण जात नाही. वस्तू काम करीत असेतोवर तिला हळदकुंकू वाहायचे आणि काम संपले की तिचा धातू पुढच्या कामाला मोकळा करायचा, यात त्यांना निष्ठुरपणा वाटत नसे. कामावरून उतरलेली वस्तू दिवाणखान्यात मांडून ठेवायची हौस आपली आहे. आणि ती हौस बहुधा त्यांनाच अधिक असते, ज्यांनी त्या वस्तूचे काम स्वतः कधी केलेले नसते.

बंबाच्या पैशांत दार, दांडी आणि गीझर यांचा बराच खर्च भागला. दादाने आजोबांच्या नावाचा फोटो काढून ठेवला. आईने फक्त नरसाळे मागून घेतले. मला वाटले, आठवण म्हणून. तिने ते स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून कोठीत नेले. "डब्यात गहू ओतायला बरं पडतं," ती म्हणाली.

पहिला महिनाभर तिला साडेचारलाच जाग येई आणि करायला काहीच नाही म्हणून ती अंथरुणावर बसून राही. आता ती सहाला उठते. पन्नास वर्षांच्या पहाटा गेल्या त्या गेल्या. पण उरलेल्या तिच्या नावावर जमा होऊ लागल्या आहेत.

आंघोळ मात्र ती अजूनही सर्वांच्या शेवटी करते. बंबाच्या दिवसांत प्रत्येकजण कढत पाणी घेई आणि तेवढेच गार पाणी आत ओतून जाई. चौदाव्या माणसाची पाळी येईपर्यंत विस्तव विझलेला आणि पाणी कोमट झालेले असे. ते चौदावे माणूस म्हणजे आई. या नरकचतुर्दशीला तरी तिने पहिले पाणी घ्यावे, असा वहिनीचा आग्रह आहे. आई म्हणते, "आधी मुलांचं होऊ दे." सवय आहे, ती जायची नाही. फरक पडला आहे तो इतकाच, की अर्धा तास थांबले की शेवटचे पाणीही आता पहिल्याइतकेच कढत असते.